‘बसली’ म्हणजे नेमकं काय? : पशुपालकांचे प्रश्न, पशुवैद्यकांची उत्तरं

प्रश्न : डॉक्टरांना फोन केला की ते विचारत बसतात. आम्ही सांगतो, ‘गाय खाऊन नाही राहिली.’ एवढ्यावर औषध का सांगत नाहीत? (एक पशुपालक, आर्वी, जि. वर्धा)

कारण ‘खात नाही’ हे दुखणं नाही, पन्नास दुखण्यांचं पहिलं लक्षण आहे. जनावर बोलत नाही, त्याच्या वतीनं तुम्ही बोलता. म्हणून रोगाचं नाव शोधू नका, डोळ्यांनी दिसलं ते सांगा. ढेप खाते पण कुटार सोडते का? रवंथ करते का? निरोगी गाय दिवसातून सहा ते आठ तास रवंथ करते आणि एक घास साधारण चाळीस ते साठ वेळा चघळते. चारा खाते पण रवंथ बंद आहे, ही बातमी डॉक्टरांच्या फार कामाची.

मग डाव्या भकाळीत, म्हणजे कुशीवरच्या खळग्यात, मूठ दाबून दोन मिनिटं थांबा. पोट दोन ते चार वेळा मुठीला वर ढकलतं. ढकलत नसेल, भकाळी ढोलासारखी वाजत असेल किंवा मळलेल्या कणकेसारखी रुतत असेल, तर त्याच शब्दांत सांगा. ‘पोट बिघडलं’ या दोन शब्दांत हा सगळा फरक बुडून जातो. वायूचं पोट आणि धान्य जास्त खाल्ल्याचं पोट, दोघांचा उपचार वेगळा.

साधा थर्मामीटर कोठ्यात (गोठ्यात) ठेवा. गुदद्वारात घालताना आतल्या भिंतीला टेकवा. शेणात रुतला तर आकडा चुकतो. गाईचं तापमान साधारण १०१.५ अंश फॅरेनहाइट असतं. आपल्याकडच्या मे महिन्यात भर दुपारी ते तसंही चढतं, म्हणून सकाळीच मोजा.

आणि ‘बसली’ म्हणताना कशी बसली तेही सांगा. मान वळवून कुशीवर ठेवली आहे, की एका अंगावर आडवी पडली आहे? की पुढचे पाय उचलते आणि मागचे उचलत नाही? तिन्ही ‘बसली’च, पण तीन निरनिराळे आजार असू शकतात.

प्रश्न : तिसऱ्या वेताची गाय व्याल्यावर दुसऱ्या दिवशी बसली. दुग्धज्वर म्हणाले, पण कान तर थंड होते. ताप कुठं होता? (एक वाचक, दर्यापूर, जि. अमरावती)

ताप नव्हताच. या आजाराचं नावच फसवं आहे, आणि त्या नावापायी तापाची इंजेक्शनं देऊन वेळ वाया जातो. व्याल्यावर चिकात एकदम कॅल्शियम जातं, रक्तातलं उतरतं आणि स्नायू चालेनासे होतात. कान थंड, नाकाडी कोरडी, शेण बंद, मान कुशीवर वळलेली. हे बहुधा पहिल्या तीन दिवसांत, जास्त दुधाच्या आणि तिसऱ्या वेतापुढच्या गाईत होतं.

उपाय शिरेतून कॅल्शियमचा. तो डॉक्टरांनीच, हृदयाचे ठोके ऐकत, सावकाश द्यायचा. घाईनं दिलेली बाटली हृदय थांबवू शकते. डॉक्टर येईपर्यंत गाईला छातीवर बसतं करा आणि दोन्ही बाजूंनी कुटाराची पोती लावा. आडवी राहिली तर पोट फुगतं. दर दोन-तीन तासांनी कूस बदला. तोंडानं मात्र काहीही पाजू नका. तिला नीट गिळता येत नाही. गूळपाणी, तेल सरळ फुप्फुसात उतरतं. मग कॅल्शियमनं उठलेली गाय चार दिवसांनी न्यूमोनियानं जाते.

पुढच्या वेताला पहिले दोन-तीन दिवस कास पूर्ण रिकामी करू नका. वासराचा चीक तेवढा कमी पडू देऊ नका.

प्रश्न : पावसानं दडी मारली आणि ज्वारी गुडघ्याएवढीच राहिली. बैल शिरले आणि तासाभरात एक गेला. ‘किराळ लागली’ म्हणतात. हे काय असतं? (एक शेतकरी, दारव्हा, जि. यवतमाळ)

कोवळ्या ज्वारीत एक द्रव्य असतं. पान चावलं, तुटलं की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. पाण्याचा ताण बसलेल्या पिकात आणि कापणीनंतर बुडख्यातून येणाऱ्या फुटव्यात ते सर्वाधिक. दडीनंतर पाऊस आला की हिरवागार फुटवा दिसतो, आणि नेमका तोच घात करतो.

हे विष रक्तातला प्राणवायू पेशींना वापरू देत नाही. म्हणून जनावर श्वासासाठी तडफडत असतं आणि रक्त मात्र लालभडक दिसतं. थरथर, तोंडाला फेस, झोक जाणं, मग कोसळणं. हे सगळं कधी कधी पाऊण तासातही आटोपतं. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट ही औषधं शिरेतून वेळेत मिळाली तर जनावर वाचतं. कान चिरून रक्त काढल्यानं विष उतरत नाही. जनावरांच्या दवाखान्याच्या १९६२ या मदत क्रमांकावर फोन करतानाच ‘ज्वारी खाल्ली’ हे आधी सांगा, म्हणजे औषध सोबत येईल.

निसवून फुलोऱ्यात आलेली ज्वारीच हिरवी घाला. चांगला वाळलेला कडबा सुरक्षित.

प्रश्न : कुत्रा चावलेली म्हैस महिन्याभरानं घोगरी ओरडायला लागली, लाळ गळत होती. घशात काही अडकलं म्हणून घरच्यांनी तोंडात हात घातला. आता काय? (एक वाचक, मूल, जि. चंद्रपूर)

आधी माणसांचं बघा. तोंडात हात घातला किंवा जखमेवर लाळ लागली, त्या प्रत्येकानं आजच ग्रामीण रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. जनावराच्या रेबीजमध्ये घशाचे स्नायू लुळे पडतात, त्यामुळे हुबेहूब काही अडकल्यासारखं दिसतं. गावोगावी लोक इथंच फसतात. आवाज घोगरा आणि लाळ गळते असं दोन्ही असेल तर तोंडात हात घालू नये, डॉक्टरांनीसुद्धा हातमोज्याशिवाय घालू नये.

लक्षणं दिसल्यावर जनावर वाचत नाही. लस उपयोगी पडते ती चाव्यानंतर लगेच. जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं पंधरा मिनिटं धुवा. तिखट, चुना भरू नका. मग जनावराला ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी लस टोचून घ्या. पहिलीनंतर बरं वाटतंय म्हणून थांबू नका. अशा म्हशीचं दूध ओतून द्या. उकळून प्यालेल्या दुधाची भीती मात्र बाळगू नका.

प्रश्न : गावाबाहेर मेलेली ढोरं टाकायच्या जागी पूर्वी गिधाडं असायची. आता कुत्रीच दिसतात. (एक शिक्षक, आरमोरी, जि. गडचिरोली)

दुखण्यावरचं डायक्लोफिनॅक टोचलेलं ढोर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरही. पण माणसांची बाटली जनावराला टोचणं अजून थांबलेलं नाही. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे, तेच मागा. गिधाडं साफ करत ती ढोरं आता कुत्र्यांच्या वाट्याला आली, आणि वर लिहिलेल्या म्हशीचा प्रश्न त्याच्याशी जोडलेला आहे.

मेलेलं ढोर उघड्यावर टाकण्याला एक अपवाद लक्षात ठेवा. जनावर अचानक मेलं आणि नाकातून, गुदद्वारातून काळसर, न गोठणारं रक्त येत असेल तर ती काळपुळी (ॲन्थ्रॅक्स) समजा. कातडं काढू नका, फाडू नका, उघड्यावर टाकू नका. दवाखान्याला कळवून सहा फूट खोल खड्ड्यात चुना घालून पुरा.