‘सगळेच नव्वदने जात होते’ हे राहू द्या, बोर्ड कुठे होता ते सांगा

प्रश्न : कामासाठी आठवड्यातून चार दिवस एका चौपदरी, दुभाजक असलेल्या रस्त्याने मोटारीने ये-जा करतो. आठ महिन्यांत एकाच जागच्या कॅमेऱ्याची तीन ई-चलाने आली. वेग ९३, ९६ आणि ९४, मर्यादा ८०. लोकअदालतीत सूट मिळते असे ऐकले होते म्हणून पहिली दोन भरली नाहीत. आता तिसऱ्यानंतर लोकअदालतीची नोटीस आली आहे. त्या रस्त्यावर सगळीच वाहने नव्वदच्या पुढे असतात. ८० ने गेलो तर मागून हॉर्न आणि हेडलाइट सुरू होतात. रहदारीच्या ओघाबरोबर राहणेच सुरक्षित, असे अमेरिकेतला अभ्यासही सांगतो. माझ्याकडे डॅशकॅमचे चित्रीकरण आहे. ते दाखवून चलाने रद्द होतील का?

उत्तर : ‘सगळेच तसे जात होते’ हे वाक्य माझ्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येक वेगाच्या पत्रात असते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८३ मध्ये त्याला जागा नाही. ते कलम दोनच गोष्टी पाहते : मर्यादा किती होती आणि तुमचा वेग किती होता. शेजारच्या लेनमधला ९८ ने गेला म्हणून तुमचे ९४ कमी होत नाहीत.

ओघाचा मुद्दा थोडाफार चालतो तो कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्याच्या आरोपात. तिथे रस्त्याची स्थिती, त्या वेळची रहदारी अशी सगळी परिस्थिती पाहावी लागते. नुसता वेग जास्त होता एवढ्यावरून बेदरकारपणा किंवा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली कर्नाटकातल्या एका ट्रकच्या खटल्यात सांगितले आहे. पण तुमच्यावर १८४ लागलेलेच नाही. दुसऱ्या आरोपाचा बचाव या आरोपाला लावू नका.

आता ते चित्रीकरण. कोपऱ्यात तुमच्याच गाडीचा वेग आकड्यात उमटतो, असे तुम्ही पुढे लिहिले आहे. ‘बघा, सगळे माझ्याइतकेच वेगात आहेत’ म्हणून ते न्यायाधीशांसमोर ठेवलेत, तर पोलिसांना कॅमेऱ्याचा पुरावा सिद्ध करायची गरजही उरणार नाही. तुम्हीच कबुली दिलेली असेल.

तरीही ते चित्रीकरण मला हवे आहे. त्यात इतर गाड्या पाहू नका, रस्त्याची डावी कड पाहा.

तुमच्या प्रकरणाचा निकाल कलम ११२ च्या दुसऱ्या पोटकलमावर लागेल. राज्य सरकारला किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला एखाद्या रस्त्यावर वेगळी वेगमर्यादा घालता येते. पण त्यासाठी अधिसूचना काढावी लागते आणि योग्य जागी फलकही लावावे लागतात. दोन्ही लागतात. महिनाभरापुरताच निर्बंध असेल तर राजपत्रातल्या अधिसूचनेतून सूट आहे, तुमचा आठ महिने चाललेला आहे. केंद्राच्या ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला कमाल १०० चा वेग दिला होता. तुमच्याकडे ८० आहे, म्हणजे तो खास त्या पट्ट्यासाठी कोणीतरी खाली आणला असणार. कोणी, कधी, कोणत्या कागदाने, आणि तो ८० चा गोल बोर्ड कॅमेऱ्याच्या किती आधी होता? हे तुम्ही विचारायला हवे होते. (२०१८ च्या त्या अधिसूचनेला मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रद्द ठरवले होते, म्हणून युक्तिवादाचा सगळा भार तिच्यावर टाकू नका. फलकाचा मुद्दा स्वतःच्या पायावर उभा राहतो.)

आणि तुम्ही काय लिहिता? ‘बोर्ड होता की नाही, नीट आठवत नाही.’ आठवड्यातून चार दिवस त्याच रस्त्याने जाता. पहिले चलान आले त्या आठवड्यात गाडी सुरक्षित जागी थांबवून चार फोटो काढले असते, तर आज माझ्या हातात काहीतरी असते. आज जाऊन काढलेला फोटो आजची स्थिती दाखवेल. मधल्या काळात तिथे नवा बोर्ड लागला असेल तर तो फोटो उलट तुम्हालाच अडचणीत आणेल. डॅशकॅमचे कार्ड भरले की जुने पुसून त्यावर नवे चढते. पहिल्या दोन दिवसांचे चित्रीकरण गेले, हे तुम्हीच सांगता. लोकअदालतीच्या सवलतीची वाट पाहताना तुमच्या हातचा एकमेव पुरावा तुम्ही पुसू दिला. मला हे वाचून खरोखर वाईट वाटले, कारण पहिल्या चलानाला कदाचित चांगले उत्तर होते.

तिसऱ्या दिवसाचे शिल्लक आहे. कॅमेऱ्याच्या आधीचे पाच-सात मिनिटांचे चित्रीकरण मोठ्या पडद्यावर सावकाश पाहा. बोर्ड स्वच्छ दिसत असेल तर विषय संपला, चलान भरा. दिसत नसेल किंवा फांद्यांआड अर्धा झाकलेला असेल, तर तिसऱ्या चलानापुरते लढता येईल. पहिल्या दोनांचे मी काहीच खात्रीने सांगत नाही. हे चित्रीकरण दाखल करायचे तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचे प्रमाणपत्र जोडावे लागेल. आणि त्यातला वेगाचा आकडाही सोबत जाईल, हे पत्करूनच ते द्यायचे. कापून, झाकून देऊ नका.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १६७अ हा नियमही वाचून ठेवा. यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे आणि ते दर वर्षी नूतनीकृत हवे. पुढे कॅमेरा आहे अशी सूचना रस्त्यावर हवी. आणि गुन्ह्यापासून १५ दिवसांत नोटीस पाठवलेली हवी. तिन्ही चलानांवरच्या तारखा ताडून पाहा. १५ दिवस उलटले एवढ्याच कारणाने चलान पडेलच असे मी म्हणणार नाही, पण बोर्डाच्या मुद्द्याला त्याची जोड मिळते. मात्र आधी गाडीच्या नोंदणीवर मोबाइल नंबर कोणाचा आहे ते बघा. तो अजून शोरूमवाल्याचा किंवा तुमचा जुना असेल, तर ‘मला कळवलेच नाही’ हे बोलायची सोय उरत नाही.

लोकअदालतीबद्दल फार मोठा गैरसमज आहे. तिथे कोणी तुमचा बोर्डाचा मुद्दा ऐकून निवाडा देत नाही. तिथे फक्त तडजोड होते, आणि एकदा झाली की त्यावर अपील नाही. पहिली दोन चलाने तिथे मिटवायला माझी हरकत नाही. तिसरे लढायचे असेल तर ते त्या टेबलावर ठेवू नका. नोटिशीवर छापलेल्या मुदतीत लेखी हरकत घ्या आणि प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जाऊ द्या. तिथे तारखा पडतील, एखाद्या दिवशी साक्षीदार येणार नाही, दिवस बुडेल. दोन हजार रुपयांसाठी पाच-सहा दिवस घालवायचे का, हा हिशेब तुमचा. आपल्या न्यायालयांनी इतक्या छोट्या तक्रारीला इतका वेळ लावावा, याचा मला दर वेळी संताप येतो. कारण खऱ्या बचावाची माणसेही त्यापायी पैसे भरून मोकळी होतात.

पण तुमच्या बाबतीत हिशेब केवळ पैशांचा नाही. हलक्या वाहनाला पहिल्या वेळी दंड १,००० ते २,००० रुपये. दुसऱ्या आणि पुढच्या गुन्ह्याला लायसन्स जप्तीची तरतूद आहे, आणि जप्त झालेले लायसन्स अपात्रतेच्या कारवाईसाठी आरटीओकडे जाते. अतिवेगाला किमान तीन महिने लायसन्स निलंबित करा, असे सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना सांगितले आहे. तडजोडीने मिटलेले चलान ‘आधीचा गुन्हा’ ठरते का यावर वाद घालता येईल, पण ज्याचे काम गाडीवर चालते त्याने त्या वादावर लायसन्स पणाला लावू नये.

राहिला ओघाचा प्रश्न, म्हणजे उद्यापासून चालवायचे कसे. तुम्ही म्हणता तो अभ्यास बहुधा डेव्हिड सॉलोमन यांचा, १९६४ चा. सरासरीच्या जवळच्या वेगाला अपघात कमी, असे त्यात दिसले होते. पण हळू चालणाऱ्यांत वळणारी, थांबणारी, नुकतीच रस्त्यावर आलेली वाहनेही मोजली गेली, असा आक्षेप त्यावर पुढे घेतला गेला. आणि कोणाचा ओघ धरायचा? समृद्धी महामार्गावर मोटारीला १२० ची मुभा, तर मालवाहू गाड्यांना ८० चा गतिनियंत्रक. एकाच रस्त्यावर दोन ओघ. म्हणून लेन असतात. डावी लेन धरा, ८० वर राहा, मागच्याला पुढे जाऊ द्या. हॉर्न वाजवणाऱ्याला वाट देणे आणि त्याच्या वेगाने पळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ओघात जाण्याचा खरा धोका पुढच्या गाडीच्या अंतरात आहे. ताशी ९४ म्हणजे सेकंदाला २६ मीटर. पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तेवढे अंतर सरते. ओघातल्या गाड्यांमध्ये तेवढी जागा कुठे असते? पुढच्या ट्रकपासून १०-१५ फुटांवर चाललेल्या मोटारीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच अंतर मोटारचालकाच्या विरोधात धरले. उलट बाजूही आहे : कोइम्बतूरच्या प्रकरणात महामार्गावर इशारा न देता अचानक थांबलेल्या मोटारचालकावर २०२५ मध्ये ५० टक्के जबाबदारी आली, आणि मागून येऊन धडकलेल्या दुचाकीस्वाराच्या वाट्यालाही २० टक्के आलीच. तेव्हा कॅमेरा दिसला की कचकन ब्रेक मारायची सवय असेल तर ती आजच सोडा. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली, त्यांतल्या ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंपुढे कारण म्हणून अतिवेग लिहिला आहे. अशा अपघातानंतर माझ्यासमोर येऊन बसणारी माणसेही ‘सगळेच तसे जात होते’ असेच सांगतात. तेव्हा लागते ते भारतीय न्याय संहितेचे कलम १०६, निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचे, पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचे.

आज एवढे करा : डॅशकॅममधले कार्ड काढा, त्या दिवसाची मूळ फाइल न छेडता दोन ठिकाणी उतरवून ठेवा, आणि गाडीत नवे कार्ड घाला. जुने पाकिटात, तारीख लिहून. पाहून झाले की बोर्ड दिसला की नाही, तेवढे एका ओळीत कळवा.