नामंजूर अर्ज आणि रिकामी सकाळ

प्रश्न : १८ वर्षं सैन्यात काढली. गुडघा गेला, कानात सतत गुणगुण असते. अपंगत्व भत्त्याचा अर्ज ‘दुखापत सेवेतली असल्याचं सिद्ध होत नाही’ म्हणून नामंजूर झाला. आता सकाळी उठून करायचं काय, हेही सुचत नाही.

उत्तर : माझाही पहिला अर्ज असाच परत आला होता. ते पत्र मी चार महिने ड्रॉवरमधून काढलंच नाही आणि अपिलाची मुदत जवळजवळ हुकली. म्हणून आधी शेवटची तारीख बघा.

तुमचं दुखणं त्यांनी नाकारलेलं नाही. सेवेशी संबंध मागितलाय. जुन्या वैद्यकीय नोंदी काढा. भरतीच्या वेळची श्रवणचाचणी आजच्या चाचणीशेजारी ठेवा. तेव्हा सोबत असलेल्या सहकाऱ्याचं लेखी निवेदन घ्या. डॉक्टरांकडून नुसतं निदान नको, कारणही लिहून घ्या. आणि तपासणीत ‘ठीक आहे’ म्हणू नका, आपल्याला ती सवयच असते! जिना उतरताना मी कठडा दोन्ही हातांनी धरतो, हे सांगायची मला लाज वाटली होती. नेमकं तेच सांगायचं असतं.

सकाळसाठी निकालाची वाट बघू नका, आत्ताच काहीतरी हाती घ्या. १९४८ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेविलच्या रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी १६ जखमी माजी सैनिकांची, त्यांत स्त्रियाही होत्या, तिरंदाजी स्पर्धा घेतली. अपंग खेळाडूंच्या पॅरालिम्पिकची सुरुवात ती. मी दर मंगळवारी इतरांचे अर्ज भरून देतो. परवा एकजण सही करता करता थांबला. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “पुढच्या मंगळवारी मीही बसतो तुमच्याबरोबर.”