सिंहगड रस्त्यावर घर घ्यायचंय. एजंट पारखायचा कसा?

प्रश्न : आम्ही सोलापूरला राहतो. मुलगी पुण्यात नोकरीला आहे, तिच्यासाठी सिंहगड रस्ता-धायरी भागात रीसेलचा टू बीएचके बघतोय. प्रत्येक एजंट म्हणतो, "इथला कोपरान् कोपरा मला माहीत आहे." परगावच्या माणसाने खरं-खोटं ओळखायचं कसं? महारेराचा (राज्याच्या घरबांधणी नियामकाचा) एजंट-नोंदणी नंबर असला की पुरे का?

उत्तर : नंबर असावाच. तो महारेराच्या संकेतस्थळावर तपासून घ्या. त्यासाठी आता प्रशिक्षण आणि परीक्षाही आहे, पण ती कायद्याची. धायरीत कुठल्या गल्लीत मे महिन्यात टँकर लागतात, हे तिथे कोणी विचारत नाही. ते तुम्ही विचारायचं, आणि स्वतः पडताळून बघता येईल असंच विचारायचं.

सुरुवात सोसायटीच्या सर्व्हे नंबरपासून करा. त्या भागात खरोखर व्यवहार केलेला माणूस तो लगेच सांगतो, निदान तासाभरात पाठवतो. नंबर मिळाला की नोंदणी व मुद्रांक विभागाच्या मोफत ई-सर्चमध्ये वर्ष, गाव आणि तो नंबर टाका. झालेल्या खरेदीखतांचे इंडेक्स-टू, म्हणजे नोंदणीचे गोषवारे, दिसतात. त्यात मोबदला, क्षेत्रफळ, तारीख सगळं असतं. (साइट रडतखडत चालते, सकाळी लवकर बसा.) मागच्या वर्षभरातले दोन-तीन व्यवहार एजंटने सांगितलेल्या दराशी ताडून बघा. इथे हमखास गोंधळ होतो तो क्षेत्रफळाचा. एजंट सेलेबलचा (जिना-लॉबीसारख्या सामायिक जागेचा वाटा धरून) दर बोलतो, इंडेक्सवर बहुधा कार्पेट (घरातली वापरायची जागा) किंवा बिल्टअप (भिंतींसकट) असतं. ७२ लाखांचा ९०० फूट सेलेबल फ्लॅट ८,००० रुपये फुटाने वाटतो. कार्पेटवर चढवलेलं ३५ टक्के लोडिंग (वाढीव क्षेत्र) काढलं, म्हणजे ९०० ला १.३५ ने भागलं, तर कार्पेट ६६७ फूट उरतं आणि दर १०,८०० च्या घरात जातो. हा हिशेब स्वतःहून मांडणारा एजंट सहसा कामाचा निघतो.

मग पाणी. धायरी २०१७ मध्ये महापालिकेत आली, शेजारची नऱ्हे आणि नांदेड ही गावं २०२१ मध्ये. हद्दीत आलं म्हणजे नळाला पुरेसं पाणी आलं असं नव्हे. "पाण्याचा प्रॉब्लेम नाही" या उत्तरावर थांबू नका. एप्रिल-मेची मेंटेनन्सची बिलं मागवा आणि टँकरचा खर्च किती, ते बघा. नदीकडची सोसायटी असेल तर निळ्या पूररेषेचं (नदीच्या पुराच्या आखलेल्या हद्दीचं) विचारा. जुलै २०२४ मध्ये खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं होतं. तो विषय टाळणारा एजंट तिथेच सोडावा.

भोगवटा पत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला) आहे का, कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालं का, हेही त्याला ठाऊक हवं. टायटल सर्च (मालकीहक्काची तपासणी) मात्र तुमच्या वकिलाकडूनच, एजंटने 'दिलेल्या' वकिलाकडून नको.

प्रश्न : एकाच वेळी चार-पाच एजंटना सांगून ठेवलं तर चालेल का?

उत्तर : दोन पुरेत. एकच फ्लॅट दोघांनी दाखवला की दोघंही दलाली मागतात. म्हणून बघायला जाण्याआधी सोसायटी आणि फ्लॅट नंबर व्हॉट्सअ‍ॅपवर मागून घ्या. आधी कोणी कळवलं ते तारखेसकट राहतं. दलालीचा टक्का (पुण्यात रीसेलला बहुतेक वेळा दोन), त्यावर जीएसटी आहे की नाही आणि मालकाकडूनही घेणार का, हे लेखी ठरवा. टोकनचा चेक मालकाच्याच नावाने काढा, दलाली दस्त नोंदल्यावर द्या.