धंदा बुडाला, आता गावात तोंड कसं दाखवू?

"मॅडम, धंदा बुडाला. आता गावात तोंड कसं दाखवू?"

माणगावच्या माझ्या समुपदेशनाच्या छोट्या खोलीत गेल्या तीन-चार वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते बोलणारे चेहरे आता एकमेकांत मिसळतात. कुणाची पोल्ट्री बसलेली असते, कुणाचा मसाल्याचा गिरणउद्योग, कुणी पर्यटकांसाठी घेतलेली गाडी विकून आलेला असतो. पैशाची अडचण सगळ्यांनाच असते, पण ती दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात येते. पहिल्या वाक्यात तोंड दाखवण्याचाच प्रश्न असतो. म्हणून आज संदेशबद्दल लिहिते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, त्याची परवानगीही घेतली आहे. सात-आठ महिन्यांच्या भेटी इथे चार प्रसंगांत आवरते.

संदेश चौतीस वर्षांचा, श्रीवर्धन तालुक्यातला. झाडं छाटायचं, धोक्याची झाडं उतरवायचं काम करायचा. त्याला बायको घेऊन आली होती. तीच बोलली. "रात्रभर जागे असतात. बाजारात जायचं तर नाका टाळतात, मागच्या पाखाडीने उतरतात. कटर मशीन गोणपाटात गुंडाळून खाटेखाली सारलंय. खोलीभर तेलाचा वास येतो, पण हात लावू देत नाहीत."

संदेश खाली बघत होता. मग म्हणाला, "सगळं संपलं मॅडम."

हे वाक्य मी कधीच तसंच जाऊ देत नाही. बायकोला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं आणि सरळ विचारलं, "जीव द्यायचा विचार येतो का?" तो बराच वेळ गप्प राहिला. "एकदा-दोनदा विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसलो होतो." त्या दिवशी आम्ही धंद्याबद्दल एक अक्षरही बोललो नाही. रात्री एकटं राहायचं नाही, विचार आला की कुणाला उठवायचं, कुणाला फोन करायचा, एवढंच ठरवलं. बायकोला विश्वासात घेतलं, मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. असा प्रश्न विचारला तर माणसाच्या डोक्यात नको ते येईल, अशी घरच्यांना भीती वाटते. अनुभव उलटा आहे. विचारणारं कुणीतरी भेटलं याचाच माणसाला आधार होतो. तुमच्या घरात असं कुणी असेल तर जरूर विचारा. बोलायला जवळ कुणी नसेल तर टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

झोप सुधारायला महिना गेला. मग धंद्याची गोष्ट हळूहळू बाहेर आली.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरलं. आमच्या भागातल्या कुणालाही ती दुपार विसरता येत नाही. पिढ्यांनी जपलेल्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, आंबे-फणस घरांवर आले, रस्ते बंद पडले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. संदेश तेव्हा एका लाकूड व्यापाऱ्याकडे रोजावर होता. उसनं मशीन घेऊन तो सकाळी सहाला निघायचा. लोक वाटेत उभे राहून त्याची वाट बघायचे. आधीच्या तीन वर्षांत मिळालं नव्हतं तेवढं त्याने चार महिन्यांत कमावलं. मग स्वतःची दोन मशीनं झाली, जुना पिकअप आला, मुद्रा योजनेतून साडेतीन लाखांचं कर्ज झालं, चार पोरं कायमची हाताखाली आली. पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा पुन्हा थोडं काम निघालं. त्यानंतर मात्र फोन वाजायचे थांबले. तो पनवेलकडच्या सोसायट्यांची कामं घेऊ लागला. तिथे शहरी भागाचा वृक्षकायदा लागू, परवानगीशिवाय फांदीलाही हात लावता येत नाही, आणि ती हातात पडेपर्यंत पोरांचा रोज अंगावर. डिझेल वेगळंच. एका फार्महाऊसवाल्याने बिल बुडवलं. शेवटी एक पोरगा फणसावरून पडला, कंबरेचं हाड मोडलं. पिकअप विकला, एक मशीन विकलं, धंदा बंद.

"मी नालायक आहे, बाकी काही नाही," संदेश प्रत्येक भेटीत म्हणायचा.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडायला घेतलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझी सगळी घडण झाली आहे. तिचं सार मला असं कळलं: माणसाच्या कामाचं मोजमाप करावं, माणसाचं करू नये. एखादं काम चुकलं असं म्हणता येतं. त्यावरून अख्ख्या माणसाला शून्य गुण देता येत नाहीत. हे मी संदेशला निरनिराळ्या तऱ्हेने सांगून पाहिलं. तो मान डोलवायचा आणि पुढच्या भेटीला "नालायक" हा शब्द पुन्हा घेऊन यायचा. आपलं काहीतरी निसटतंय हे मला जाणवत होतं.

ते त्याच्या वहीत सापडलं. मी त्याला कामाची वही आणायला सांगितली होती. शाळेची दोनशे पानी वही, पुठ्ठ्यावर तेलकट बोटांचे ठसे, मध्ये कुठेतरी लाकडाचा भुसा अडकलेला. आतमध्ये तारीख, गाव, झाड, ठरलेले पैसे, मिळालेले पैसे. जून 2020 ची पानं गच्च भरलेली. एका दिवसात पाच-पाच नोंदी. मी म्हटलं, "ही पानं वाचताना काय वाटतं?"

त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी उजेड दिसला. "तेव्हा नाव होतं माझं. हात बसला होता."

"आणि ही 2022 ची पानं?"

"तेव्हा मी कमी पडलो."

"ही एवढी झाडं पाडली कुणी?"

"मीच की."

"तोडली तुम्ही. पाडली कुणी?"

तो थांबला. "वादळाने."

"मग 2022 साली गावात पडायला काय उरलं होतं?"

बराच वेळ तो वहीकडे बघत होता. मग बोलला ते माझ्याशी नव्हतंच. "सगळ्यांनी नवीन सुपारी लावलीय. तिला कटर कशाला लागतो? पाणी लागतं."

मी मुद्दामच काही बोलले नाही. बाहेर एसटीच्या हॉर्नचा आवाज चालू होता. मग त्याच्या वडिलांचा विषय निघाला, कारण घरात सगळ्यात जास्त भीती त्याला त्यांचीच होती. वडील मुंबईत गिरणीत होते, 1982 च्या संपानंतर गावी परतले ते कायमचे.

"बाबांची नोकरी गेली तेव्हा ते नालायक होते?"

"छे! संप होता तो. गिरण्याच पुन्हा नीट उभ्या राहिल्या नाहीत. बाबा काय करणार?" आवाज चढला होता त्याचा.

"बाबांना जो न्याय लावलात तो संदेशला का नाही?"

त्याने वही मिटली. दोन्ही तळवे तिच्यावर ठेवून बसला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण चेहरा सुटलेला होता, आवळलेला नव्हता. इतक्या वर्षांच्या कामात हा क्षण मला ओळखता येतो, आणि तो आला की आपण योग्य वाटेने आलो याचं समाधान मी लपवत नाही.

त्या दिवशी मलाही एक गोष्ट लख्ख दिसली. मी फक्त त्याच्या अपयशावर बोलत होते. मुळं त्याच्या यशात होती. वादळाने आणून दिलेलं काम त्याने स्वतःची किंमत म्हणून जमा केलं होतं. मग वादळाचं काम सरल्यावर जी ओहोटी लागली, तीही स्वतःच्याच किमतीतून वजा होणं भाग होतं. चांगल्या दिवसांत "मी भारी" म्हणणारा माणूस वाईट दिवसांत "मी नालायक" म्हणतो, तेव्हा मापाची पट्टी तीच असते. तेव्हापासून धंदा बुडालेल्या प्रत्येकाला मी आधी तेजीच्या दिवसांबद्दल विचारते. तो पैसा का आला होता? हंगाम होता, रस्त्याचं काम चालू होतं, लग्नसराई होती, की खरंच तुमचा हात होता? हे प्रामाणिकपणे सांगता आलं की पडतीचं कारणही प्रामाणिकपणे सांगता येतं.

याचा अर्थ सगळं खापर वादळावर फोडायचं असा मुळीच नाही. संदेशला मी एक पान चुकांसाठी दिलं. त्याने लिहिलं: आगाऊ रक्कम घेतली नाही. कुणाकडून काही लिहून घेतलं नाही. चार महिन्यांच्या कमाईवर तीन वर्षांचं कर्ज काढलं. पोरांचा विमा नव्हता, कंबरपट्ट्याचा आग्रह धरला नाही. शेवटच्या ओळीवर मी त्याला सूट दिली नाही. पोरगा झाडावरून पडला याची जबाबदारी मालकाची असते आणि ती बोचलीच पाहिजे. आपण चुकलो हे बोचणं माणसाला ताळ्यावर ठेवतं, आपणच वाया गेलो हे वाटणं त्याला विहिरीच्या कठड्यावर नेऊन बसवतं. दोन्हींतला फरक घरच्यांनीही समजून घ्यावा.

त्याच पानावर खाली होतं, "मशीन विकलं."

"ही चूक कशी?"

"कुणी हत्यार विकतं का मॅडम?"

"पैसे कुठे गेले?"

"दवाखान्यात. त्याच्या ऑपरेशनला."

मी पान त्याच्यापुढे सरकवलं. त्याने पेन घेतलं आणि ती ओळ स्वतःच खोडली.

कर्जाबद्दलही एक सांगायला हवं, कारण शरमेपोटी लोक इथेच सगळ्यात जास्त नुकसान करून घेतात. बँकेचे फोन उचलत नाहीत. हप्ता नव्वद दिवस थकला की खातं अनुत्पादक ठरतं आणि मग पुढे कर्ज मिळणं अवघड होतं. त्याआधी जाऊन "धंदा बंद पडलाय, एवढाच हप्ता झेपेल" असं सांगितलं तर मुदत वाढवून हप्ता कमी करण्याबद्दल बोलता येतं. संदेशला आम्ही हे वाक्य खोलीत सहा-सात वेळा मोठ्याने म्हणायला लावलं. मी बँकेची साहेब, बायको रांगेतली माणसं. पहिल्या वेळी त्याच्या घशातून आवाज फुटला नव्हता. प्रत्यक्षात त्याची मुदत वाढवून मिळाली. एका रिसॉर्टच्या बागेची देखभाल पगारावर मिळाली, त्यातून तो हप्ता भरतो.

आणि गावाला तोंड दाखवणं? तेही असंच, सरावाने. आठवड्यातून एकदा नाक्यावरून जायचं, चहा प्यायचा, कुणी विचारलं तर एका वाक्यात उत्तर द्यायचं. कारणं द्यायची नाहीत, गोष्ट लांबवायची नाही. पहिल्या खेपेला तो चहा अर्धा टाकून उठला. तिसऱ्या खेपेला कुणी काही विचारलंच नाही, आणि याचं त्याला जास्त आश्चर्य वाटलं.

शेवटच्या भेटीत त्याने स्वतःहून सांगितलं की उरलेलं मशीन विकलं. गोणपाट सोडलं, साखळी उतरवली, गोल कानस घेऊन अंगणात बसला आणि एकेक दात घासून धार लावली. तासभर लागला. वडील पडवीतून बघत होते. मध्येच उठले आणि न बोलता त्याच्याजवळ पाण्याचा तांब्या ठेवून गेले.

म्हसळ्याहून एक पोरगा मशीन घ्यायला आला होता. त्याने दोरी ओढून ते चालू करून पाहिलं, साखळीवरून जपून अंगठा फिरवला. "धार तर एकदम नवीन आहे. मग विकताय कशाला?"

"माझा धंदा चालला नाही," संदेश म्हणाला, "म्हणून बंद केला." आणि पैसे मोजून घेतले.