हात धुऊन धुऊन कोरडे पडतात. कोणते लोशन लावावे?

प्रश्न : मी नाशिकमधील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. प्रत्येक रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर हात स्वच्छ करणे आम्हाला बंधनकारक आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु गेल्या हिवाळ्यापासून माझ्या बोटांच्या सांध्यांवरची त्वचा लाल आणि खरखरीत झाली असून तिला बारीक भेगा पडू लागल्या आहेत. हँडरब (हातांवर चोळायचे अल्कोहोलचे सॅनिटायझर) लावला की आग होते, म्हणून मी तो टाळून साबणानेच हात धुते. मनाचे समाधान व्हावे म्हणून कधीकधी दोन्ही वापरते. एक सुगंधी बॉडी लोशन लावते, पण तासाभरात हात पुन्हा पहिल्यासारखे कोरडे होतात. एका सहकारी सिस्टरने यूरियाचे क्रीम सुचवले, औषधाच्या दुकानदाराने ‘कोणत्याही खाजेवर चालते’ असे सांगून एक ट्यूब दिली, आणि सावंतवाडीकडच्या माझ्या सासूबाई कोकमाचे तेल लावायला सांगतात. यांतले नेमके काय निवडावे? ड्युटीवर असताना लोशन लावल्याने हातांची स्वच्छता बिघडते का? (एक परिचारिका, नाशिक)

उत्तर : लोशनाकडे वळण्याआधी तुमच्या पत्रातील एका वाक्यापाशी थांबणे आवश्यक आहे. हँडरबने आग होते म्हणून तुम्ही साबणाकडे वळलात, असे तुम्ही लिहिले आहे. रुग्णालयात काम करणारे अनेक जण असेच करतात आणि त्यामुळेच हात अधिक बिघडतात. ही सवय तशीच राहिली, तर बाजारातले सर्वांत महाग क्रीमही तुमच्या हातांवर टिकणार नाही.

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत, चपट्या पेशींचा असतो आणि त्या पेशींमधल्या फटी सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले या स्निग्ध पदार्थांनी भरलेल्या असतात. शरीरातील पाणी उडून जाऊ न देणे आणि बाहेरचे त्रासदायक पदार्थ आत येऊ न देणे, ही दोन्ही कामे हा पातळ थर करतो. साबण हातावरचा तेलकट मळ काढतो, पण मळाचे तेल आणि त्वचेचे स्वतःचे तेल यांत तो भेद करत नाही. त्यातच त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, म्हणजे साधारण 5 सामूचा (pH) असतो, तर वडीच्या साबणाचा सामू 9 ते 10 असतो. त्यामुळे प्रत्येक धुण्यानंतर त्वचेला मूळ स्थितीवर यायला काही अवधी लागतो आणि तुमच्या कामात तेवढा अवधी तिला कधीच मिळत नाही. गरम पाण्याने ही झीज वाढते. अतिदक्षता विभागातील हिवाळ्याची कोरडी हवा आणि खरखरीत कागदी रुमाल यांचाही त्यात वाटा असतो.

अल्कोहोलचा हँडरबही त्वचेतील तेल काही प्रमाणात विरघळवतो, परंतु साबणासारखे ते पाण्याबरोबर वाहून जात नाही, आणि चांगल्या हँडरबमध्ये ग्लिसरीन मिसळलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या एका मिश्रणात 80 टक्के इथेनॉलबरोबर 1.45 टक्के ग्लिसरीन आहे, ते केवळ हातांच्या काळजीपोटी. आग होते ती हँडरब वाईट म्हणून नव्हे. साबणाने आधीच पाडलेल्या भेगांत अल्कोहोल शिरते म्हणून. याच संघटनेच्या 2009 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हातांवर दिसण्याजोगी घाण नसेल तेव्हा हँडरबला प्राधान्य द्यावे; हात रक्ताने वा अन्य स्रावांनी माखले असतील, शौचालयातून आल्यावर, किंवा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूच्या रुग्णाची शुश्रूषा करताना मात्र साबण आणि पाणीच वापरावे, कारण त्या जंतूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. साबणामागोमाग लगेच हँडरब लावण्याची सवय कृपया सोडा. त्याने स्वच्छता वाढत नाही, दाह मात्र वाढतो. तसेच हँडरबकडे वळतानाच भेगाही भरून आणाव्यात, म्हणजे आग होण्याचे कारणच उरणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हातांना लावायच्या स्निग्ध पदार्थांचे ढोबळ मानाने तीन प्रकार पडतात आणि त्यांतला मुख्य फरक पाण्याच्या प्रमाणाचा आहे. लोशनात पाणी सर्वांत जास्त असते, त्यामुळे ते सहज पसरते, लवकर जिरते आणि तितक्याच लवकर निष्प्रभ होते. क्रीममध्ये तेलाचा अंश वाढतो. मलमात, उदाहरणार्थ साध्या पेट्रोलियम जेलीत, पाणी जवळजवळ नसतेच. ते चिकट वाटते, पण त्वचेतून उडून जाणारे पाणी रोखण्यात त्याची बरोबरी करणारे फारसे काही नाही. अंगाला लावायचे बॉडी लोशन हातांवर तासाभरात संपते ते याचमुळे. त्यात ते सुगंधी असेल, तर भेगाळलेल्या त्वचेला सुगंधी द्रव्यांची ॲलर्जी होण्याचा धोकाही असतो. म्हणून तुमच्यासाठी माझी निवड अशी : ड्युटीवर क्रीम, रात्री मलम, आणि लोशन पायांसाठी ठेवावे.

क्रीम निवडताना डबीच्या पुढच्या बाजूवर छापलेल्या आश्वासनांपेक्षा मागची घटकांची यादी वाचावी. ग्लिसरीन किंवा यूरियासारखा पाणी ओढून धरणारा एक घटक आणि पेट्रोलॅटम, लिक्विड पॅराफिन किंवा डायमेथिकोनसारखा पाणी अडवणारा एक घटक, असे दोन्ही त्या यादीत वरच्या भागात दिसले पाहिजेत. नुसते ग्लिसरीन कोरड्या हवेत पुरत नाही. सेरामाइड असेल तर उत्तमच, पण केवळ त्यासाठी चौपट किंमत मोजावी असे मला वाटत नाही. आपल्याकडे औषधांच्या दुकानात 13.2 टक्के व्हाइट सॉफ्ट पॅराफिन आणि 10.2 टक्के लाइट लिक्विड पॅराफिन असलेली साधी, बिनवासाची क्रीम वेगवेगळ्या नावांनी मिळतात. दिसायला ती अगदीच अनाकर्षक असतात, परंतु त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षे त्याच लिहून देत आले आहेत. ‘अनसेंटेड’ या शब्दाने फसू नये. मूळचा वास झाकण्यासाठी अशा उत्पादनात कधीकधी दुसरे सुगंधी द्रव्य घातलेले असते. ‘फ्रॅग्रन्स फ्री’ असे लिहिलेले पाहावे. मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे लांबलचक नावाचे संरक्षक द्रव्य आणि लोकरीपासून मिळणारे लॅनोलिन यांची काहींना ॲलर्जी असते, तेव्हा हात बरे होईपर्यंत ही दोन्ही टाळणे श्रेयस्कर. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या क्रीममध्ये लव्हेंडर, लिंबू, टी ट्री अशी तेले असतात आणि त्वचेच्या दृष्टीने तीही सुगंधी द्रव्येच ठरतात.

तुमच्या सहकारी सिस्टरांचा सल्ला अर्धा बरोबर आहे. 5 ते 10 टक्के यूरिया असलेले क्रीम जाड, खरखरीत त्वचा मऊ करते, पण उघड्या भेगांवर ते चांगलेच झोंबते. पहिले काही दिवस भेगांवर पेट्रोलियम जेली लावावी आणि त्या मिटल्यावर यूरिया सुरू करावा. सासूबाईंचा सल्ला मात्र मी मुळीच मोडीत काढणार नाही. कोकमाच्या बियांचे तेल घट्ट असते, हाताच्या उबेने मऊ होते आणि त्वचेवर जाडसर थर धरते; टाचांच्या भेगांना ते कोकणात पिढ्यानपिढ्या लावतात ते उगीच नाही. रात्री झोपण्यापूर्वी ओलसर हातांवर ते लावायला हरकत नाही. खोबरेल तेलही याच पद्धतीने चालेल. तेलात स्वतःचे पाणी नसल्यामुळे पूर्ण कोरड्या हातांवर चोळण्यापेक्षा हात धुऊन, अलगद टिपून, किंचित ओलसर असतानाच ते लावावे. मात्र तेलकट हातांनी लेटेक्सचे (नैसर्गिक रबराचे) हातमोजे घालता येत नाहीत, त्यामुळे ड्युटीवर त्याचा उपयोग नाही.

दुकानदाराने दिलेली ट्यूब ताबडतोब बाजूला ठेवा आणि तिच्यावरील घटक वाचा. क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन या स्टेरॉइडांपैकी नाव आणि जोडीला बुरशीविरोधी व प्रतिजैविक औषध असे मिश्रण आढळले, तर ते तुमच्या कोरडेपणावरचे औषध नव्हे. स्टेरॉइडने लाली झटपट कमी होते आणि म्हणूनच माणूस ते लावत राहतो. दीर्घकाळ वापरल्यास त्वचा पातळ होते आणि बुरशीचा संसर्ग असेल तर तो दबून पसरतो. हाताच्या दाहावर स्टेरॉइड कधीकधी खरोखरच लागते, पण कोणते, किती दिवस आणि कसे बंद करायचे हे डॉक्टरांनी ठरवायचे असते.

ड्युटीवर लावलेल्या क्रीमने स्वच्छता बिघडत नाही. उलट भेगाळलेल्या त्वचेवर स्टॅफिलोकोकससारखे जंतू अधिक प्रमाणात तळ ठोकतात आणि दुखणारे हात नीट धुतलेही जात नाहीत. दोन पथ्ये मात्र पाळावीत. काही क्रीममधील ऋणभारित इमल्सीकारकांमुळे, म्हणजे तेल व पाणी एकत्र धरणाऱ्या घटकांमुळे, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा टिकाऊ परिणाम कमी होतो, म्हणून विभागात क्लोरहेक्सिडिन वापरत असाल तर त्याबरोबर चालणारे क्रीम कोणते, हे संसर्ग नियंत्रण समितीला विचारून घ्यावे. आणि पेट्रोलियम जेली व खनिज तेले लेटेक्सला कमकुवत करतात. हातमोजे नायट्राइल या कृत्रिम रबराचे असतील तर ही चिंता पुष्कळच कमी होते. सर्वांनी बोटे घालायची डबी वॉर्डात नसावी. प्रत्येकीने स्वतःची ट्यूब खिशात ठेवावी.

हातमोज्यांविषयी थोडे विषयांतर करतो. शस्त्रक्रियेच्या खोलीत रबरी हातमोजे रूढ झाले त्यामागे एका परिचारिकेचे हात होते. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलिन हॅम्पटन यांच्या हातांना मर्क्युरिक क्लोराइडच्या जंतुनाशक द्रावणाने दाह होऊ लागला, तेव्हा विल्यम हॅलस्टेड या शल्यचिकित्सकांनी 1889-90 च्या हिवाळ्यात गुडइयर रबर कंपनीकडून पातळ हातमोजे करवून घेतले. रुग्णाला संसर्गापासून वाचवण्याचा विचार नंतर आला. (त्या दोघांचे पुढे लग्नही झाले.) आज मात्र हेच हातमोजे ओल्या हातांवर चढवले किंवा विनाकारण तासन्तास घालून ठेवले, तर आतल्या घामाने त्वचा भिजून आणखी नाजूक होते. म्हणून हात पूर्ण कोरडे झाल्यावरच ते घालावेत. अंगठी ड्युटीवर घालू नये. तिच्याखाली साबण अडकतो आणि दाहाची सुरुवात बहुधा तिथूनच होते.

किती लावावे, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण चूक बहुतेक वेळा तिथेच होते. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून ओढलेली क्रीमची रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि ती एका हाताच्या दोन्ही बाजूंना पुरते. म्हणजे दोन हातांना दर वेळी एक ग्रॅम लागतो. ड्युटी सुरू होताना, जेवणाच्या सुट्टीत, काम संपल्यावर, घरी आल्यावर आणि झोपताना असे पाच वेळा लावले, तर 100 ग्रॅमची ट्यूब वीस दिवसांत संपली पाहिजे. तीन महिने पुरत असेल, तर तुम्ही ती वापरत नाही आहात असेच म्हणावे लागेल. आपण सहसा तळहात चोळतो आणि थांबतो. बोटांचे सांधे, बेचक्या, नखांच्या कडा आणि मनगट राहून जातात. रात्री मलम लावून वर पातळ सुती मोजे घालावेत. हात वरवर बरे दिसू लागले तरी आतली दुरुस्ती पुढे कित्येक आठवडे चालू असते, तेव्हा क्रीम लगेच बंद करू नये.

एवढे करूनही महिनाभरात फरक पडला नाही, पाण्याने भरलेले बारीक फोड आले, खाज असह्य झाली, भेगांतून पू आला, किंवा पुरळ मनगटाच्या वर चढले, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. एकाच हातावर खवले येत असतील तर बुरशीची शंका घ्यावी लागते. हातमोज्यांतील रसायनांची ॲलर्जी पॅच टेस्टने, म्हणजे पाठीवर पट्ट्या लावून केलेल्या तपासणीने, कळते, तर मोजे घालताच गांधी उठत असतील किंवा दम लागत असेल, तर लेटेक्सच्या ॲलर्जीसाठी वेगळी तपासणी लागते, आणि तीत विलंब करू नये.

प्रश्न : माझे ठाण्यात पोळी-भाजी केंद्र आहे. दिवसभर कणीक, भाज्या चिरणे आणि भांडी यांमुळे हात फाटतात. क्रीम लावून कणीक कशी मळणार? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मळू नये. स्वयंपाक चालू असताना हातांना काहीही लावण्याची गरज नाही. काम संपवून हात धुतले की लगेच आणि रात्री झोपताना भरपूर लावावे. वरच्या उत्तरातील क्रीम आणि मलम तुम्हालाही चालतील. तुमच्या बाबतीत लोशनापेक्षा भांडी अधिक महत्त्वाची आहेत : भांड्यांचा साबण, तारेची घासणी आणि सतत वाहते पाणी यांच्यापासून हात दूर ठेवले, तर निम्मे काम झाले. आत सुती अस्तर असलेले जाड हातमोजे घ्यावेत, आणि आत पाणी गेले की ते काढून दुसरा जोड घालावा.

भेगा कुठे आहेत, हेही पाहावे. उजव्या हातात सुरी धरणाऱ्या व्यक्तीच्या डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांचीच टोके कोरडी पडून सोलवटत असतील, तर कारण बहुधा लसूण असते, कारण पाकळी धरणारी बोटे तीच. लसणातील डायअलाइल डायसल्फाइड हे द्रव्य साध्या हातमोज्यांतूनही आत शिरते, त्यामुळे अशा वेळी लसूण सोलण्या-चिरण्याचे काम दुसऱ्या कोणाकडे सोपवणे हाच खात्रीचा उपाय आहे. खात्री करून घ्यायची असेल तर पॅच टेस्ट करावी. पाठीवर पट्ट्या लावून त्या दोन दिवसांनी काढतात आणि चौथ्या दिवशी पुन्हा तपासतात. जाताना रोजच्या वापरातला भांड्यांचा साबण, हातमोजे आणि लावत असलेले क्रीम मूळ वेष्टनासह बरोबर न्यावे, कारण त्यांवरील घटकांची यादी डॉक्टरांना पाहावी लागते.