कॉम्प्युटरचे फॅन फिरतात, पण मॉनिटरवर 'नो सिग्नल' येतं. मदरबोर्डच गेला असेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाच वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला पीसी, मंगळवार पेठेतलं जुनं घर. श्रावणात घरचे सगळे गावी गेल्यानं मशीन बरेच दिवस बंद राहिलं. परत येऊन बटण दाबलं तर फॅन फिरतात, दिवे लागतात, पण मॉनिटर 'नो सिग्नल' दाखवून काळा पडतो. दुकानदारानं कॅबिनेट न उघडताच मदरबोर्ड गेल्याचं सांगितलं आणि हा जुना बोर्ड आता मिळत नाही, तेव्हा प्रोसेसर-रॅमसकट सगळंच बदला म्हणाला. मुलगी बारावीला आहे, तिच्या नोट्स आत अडकल्यात. आणि अगदी शेवटी तुम्ही लिहिलंय की कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात, पण ते पहिल्यापासूनच आहे.

मी कोल्हापुरातच कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. माझं मत स्पष्ट आहे: नवीन बोर्ड अजिबात घेऊ नका, निदान एवढ्यात तरी नाही. फॅन फिरतात यावरून एवढंच कळतं की एसएमपीएसमधून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून, १२ व्होल्ट बाहेर पडतायत. बाकी काय चालू आणि काय बंद, ते एकेक करून बघावं लागतं आणि त्यातलं बरंचसं तुम्ही घरी बघू शकता. पण स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी त्या मुंग्यांचं बघायला हवं.

'पहिल्यापासूनच आहे' म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नाही. एसएमपीएसच्या आत, वीज शिरते तिथंच, फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून अर्थिंगला जोडलेले दोन छोटे कपॅसिटर असतात. लाइनीतला खरखराट अर्थिंगमध्ये सोडून द्यायचं त्यांचं काम. घराला अर्थिंगच नसेल तर त्याला जायला वाट राहत नाही, आणि कॅबिनेटच्या पत्र्यावर २३० व्होल्टच्या निम्मे, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्ट येऊन बसतात. करंट किरकोळ असतो म्हणून झटका न बसता नुसत्या मुंग्या येतात. लाइन टेस्टर लावला तर तो मंद पेटतो. बहुतेक वेळा यात कॉम्प्युटरचा काहीच दोष नसतो, सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात काहीच जोडलेलं नसतं एवढंच. पण उद्या खरोखर एखादी फेजची वायर पत्र्याला टेकली तर एमसीबी, म्हणजे वीज आपोआप तोडणारा स्विच, पडायला अर्थिंग लागतं. ते नसेल तर ती वीज हात लावणाऱ्याच्या अंगातून जाते. घरात शिकणारी मुलगी आहे, म्हणून हे एवढं लांबवून लिहितोय.

पेठांमधल्या जुन्या घरांत मूळ वायरिंग दोन तारांचं आणि त्यावर नंतर बसवलेली तीन पिनांची सॉकेट, हा प्रकार मी सारखा बघतो. वायरमनला बोलवा आणि मीटरनं मोजून दाखवायला सांगा. फेज आणि अर्थिंगमध्ये फेज-न्यूट्रलइतकेच, २३० च्या जवळपास व्होल्ट दिसायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये अगदी थोडे. काहीजण न्यूट्रलचीच एक तार अर्थिंगच्या पिनेला मारून 'झालं काम' म्हणतात. ते करू देऊ नका. मीटरवर तेही छान दिसतं, पण न्यूट्रल कुठं तुटला की अख्खे २३० व्होल्ट कॅबिनेटवर येतात.

याचा तुमच्या तक्रारीशीही संबंध आहे. अर्थिंग नसलेल्या घरात कॉम्प्युटर आणि मॉनिटर दोन्ही चालू असताना एचडीएमआय केबल काढ-घाल केली की पत्र्यावरची ती वीज केबलमधून उतरायला बघते आणि कधीकधी पोर्टच जातो. म्हणून पुढं केबलला हात लावाल तेव्हा कॉम्प्युटर आणि मॉनिटर या दोन्हींचे प्लग आधी बाहेर काढा. नुसतं बटण बंद केलेलं पुरत नाही.

आता डिस्प्लेकडं. 'नो सिग्नल' ही अक्षरं तुम्हाला वाचता येतायत म्हणजे मॉनिटरचा पॅनेल, मागची लाइट आणि त्याचा पॉवर सप्लाय ठीक आहे. तो फक्त सांगतोय की माझ्यापर्यंत काही पोहोचत नाही. मॉनिटरच्या मेन्यूमध्ये इनपुट बघा, एचडीएमआयऐवजी व्हीजीएवर गेलेला असू शकतो. मग केबलचं कॅबिनेटकडचं टोक कुठं लावलंय ते बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डाला लागते, वरच्या मदरबोर्डच्या पोर्टला नाही. गावी जाताना सगळं काढून ठेवलं होतं आणि परत जोडलं, असं असेल तर ही गडबड हमखास होते. आणि प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ असेल, जसं आय५-१२४००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसतंच. मदरबोर्डच्या पोर्टमधून चित्र येणारच नाही, बोर्ड कितीही चांगला असला तरी.

केबल ठीक असेल तर एक चाचणी करा, ती मला सगळ्यात आवडते कारण तिला काहीच लागत नाही. मशीन चालू करा, दोन मिनिटं थांबा आणि कीबोर्डवरचं नमलॉक दाबा. बटणाबरोबर तो बारीक दिवा लागतो आणि विझतो का? होत असेल तर मशीन व्यवस्थित सुरू झालेलं आहे. प्रोसेसर, रॅम, बोर्ड आपापलं काम करतायत आणि फक्त चित्र बाहेर येत नाही. म्हणजे दोष केबल, पोर्ट किंवा कार्डात. शेजाऱ्यांच्या टीव्हीला जोडून बघा. दिवा लागतच नसेल, किंवा एकाच जागी अडकून बसला असेल, तर मशीन सुरूच होत नाहीये आणि कॅबिनेट उघडायला हवं.

माझा अंदाज विचाराल तर तुमच्याकडं दुसरा प्रकार आहे आणि दोष रॅमच्या, म्हणजे बोर्डवर उभ्या बसणाऱ्या मेमरीच्या लांबट कार्डाच्या, संपर्कात आहे. कोल्हापूरचा पावसाळा तुम्हाला सांगायला नको. कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते अशी हवा असते. रोज चालणारं मशीन आतून गरम राहतं आणि ओल टिकत नाही. ते बंद पडून राहिलं की रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर आणि स्लॉटमधल्या पिनांवर एक बारीक थर धरतो, डोळ्यांना दिसेलच असं नाही. एवढ्यानं संपर्क तुटतो आणि मशीन रॅम सापडत नाही म्हणून पुढं सरकतच नाही. फॅन मात्र फिरत राहतात.

प्लग काढा, मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे बोर्डवर उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेट टेबलावर आडवं ठेवा, डावीकडची बाजू उघडा. घरात नायलॉन किंवा लोकरीचे कपडे घालून हे करू नका, आणि रॅमला हात लावायच्या आधी कॅबिनेटचा न रंगवलेला पत्रा एकदा हातानं शिवा. स्लॉटच्या टोकाची खिट्टी बाहेर ढकलली की रॅम वर उचलते. ती कडेनं धरा. खालच्या सोनेरी पट्ट्या दोन्ही बाजूंनी पांढऱ्या मऊ खोडरबरानं हलक्या हातानं, एकाच दिशेनं पुसा आणि चुरा कोरड्या ब्रशनं झटका. खोडरबरानं मुलामा झिजतो म्हणणारे आहेत आणि रोज घासलं तर त्यांचं खरंच आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर तेच चांगलं. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. अत्तर, रॉकेल तर नकोच. स्लॉट कोरड्या ब्रशनं साफ करा, तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीचे कण आत बसतात.

बसवताना रॅममधली खाच आणि स्लॉटमधला उंचवटा जुळवा. दोन्ही टोकांवर अंगठ्यानं सारखा दाब द्या, खिट्टी 'कट्' आवाज करून आपोआप बंद झाली पाहिजे. पुष्कळ लोक इथं घाबरून दाब कमी देतात आणि एक टोक अर्धवट वर राहतं. दोन रॅम असतील तर आधी एकच लावा; चार स्लॉटच्या बोर्डवर सहसा प्रोसेसरपासून दुसरा स्लॉट. चित्र आलं नाही तर दुसरी रॅम, मग दुसरा स्लॉट, प्रत्येक वेळी प्लग काढून. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू व्हायला मशीन जास्त वेळ घेऊ शकतं, मधेच एकदा बंद होऊन परत चालूही होतं. दोन मिनिटं धीर धरा, लगेच बटण दाबू नका.

उघडलंच आहे तर प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची वायर घट्ट दाबून घ्या. ती सैल असेल तर हुबेहूब हीच लक्षणं दिसतात. ग्राफिक्स कार्ड असेल तर तेही काढून परत बसवा. आणि बोर्डवरचा नाण्यासारखा सेल, सीआर२०३२, बदलून टाका. पाच वर्षांत तो उतरलेला असतो. नवा ३ व्होल्टचा असतो आणि घड्याळाच्या दुकानातही मिळतो. आधीपासून कॉम्प्युटरची तारीख मागं जात होती का आठवा. जात असेल तर सेल उतरलाय हे नक्की. मशीनचा प्लग काढून सेल पाच मिनिटं बाहेर ठेवला की बायोसच्या, म्हणजे बोर्डच्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमच्या, बिघडलेल्या सेटिंगही बहुतेक बोर्डांवर मूळपदावर येतात. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज उरते.

चालू करताना बोर्डच्या कडेला बारीक दिवे आहेत का बघा. अलीकडच्या बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशा नावांचे चार दिवे असतात आणि मशीन जिथं अडकतं तो दिवा पेटलेला राहतो. दिवे नसतील तर बोर्डला लावायचा छोटा स्पीकर अगदी स्वस्तात मिळतो. रॅम काढून मशीन चालू केलं आणि त्यानं बीप देऊन तक्रार केली तर आनंद माना: बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही शुद्धीवर आहेत.

एवढं करूनही काही हललं नाही तरच दुकानात न्या, आणि तिथं तुमच्यासमोर त्यांची चालू रॅम आणि त्यांचा चालू एसएमपीएस लावून बघायला सांगा. या दोन्हींवर मशीन उठलं नाही, ग्राफिक्स कार्डही बदलून पाहिलं, तर बोर्डवर संशय घ्यायला जागा आहे. शाहूपुरी-राजारामपुरीत कुठंही गेलात तरी मन लावून काम करणारा कारागीर हे करायला नाही म्हणणार नाही. बोर्डच निघाला तरी नवीन संच घेण्याआधी चिप लेव्हलचं, म्हणजे बोर्डवरचे सुटे भाग बदलून दुरुस्तीचं, काम करणाऱ्याला दाखवा आणि तुमचा प्रोसेसर बसेल अशा त्याच सॉकेटचा वापरलेला बोर्ड मिळतो का विचारा. पाच वर्षांपूर्वीचा प्रोसेसर बारावीच्या अभ्यासाला भरपूर झाला.

मुलीला सांगा, नोट्स कुठं गेलेल्या नाहीत. त्या हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर असतात, मदरबोर्डचा त्याच्याशी काही संबंध नाही. डिस्क काढून यूएसबीच्या केसमध्ये घातली की कुठल्याही लॅपटॉपवर फाइल कॉपी होतात. विंडोजनं डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर रिकव्हरी की मागेल, ती तिच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये बघा. दुकानात मशीन द्यायची वेळ आली तर डिस्क आधी काढून घरी ठेवा. बोर्ड तपासायला ती लागत नाही.

रॅम साफ करून झाली की नमलॉक काय करतं, बोर्डवर कोणता दिवा राहतो आणि बोर्डचं मॉडेल काय, एवढं लिहा. पुढचं त्यावरून सांगतो. वायरमनला मात्र उद्याच बोलवा.