मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे बार्सिलोनाला जाताना मध्ये परत सिक्युरिटी चेक होतो का? आईबाबा सोबत आहेत, मध्ये 1 तास 40 मिनिटं आहेत.

हो, होतो. "मुंबईला एकदा सगळं तपासलंय ना, मग परत कशाला" हे माझ्या आईने तर तिथे लाईनमध्ये उभं राहून, चांगलं खणखणीत मराठीत विचारलं होतं.

त्याचं असं आहे की युरोपियन युनियन ठरावीक देशांचीच तपासणी ग्राह्य धरतं, अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, सिंगापूर वगैरे, आणि त्यात भारत नाही. त्यामुळे फ्रँकफर्टला उतरलात की बॅगा परत बेल्टवर. येताना उलट, बार्सिलोनाला झालेला चेक फ्रँकफर्टला सहसा चालून जातो, तिथे फक्त पासपोर्टवर एक्झिटचं काम असतं.

आता लिक्विडचं, कारण लोक अडकतात ते इथेच. 100 मिलीच्या वर काही नको, विमानात दिलेली पाण्याची बाटली पण उतरायच्या आधी पिऊन टाका. मुंबईला ड्यूटी फ्रीत काही घेतलंत तर ते सीलबंद पारदर्शक पिशवीत, पावती आत दिसेल असं मागून घ्या आणि बार्सिलोनाला पोचेपर्यंत फोडू नका, नुसत्या साध्या पिशवीतली बाटली गेलीच समजा. आणि लोणचं, चटणी, तूप हे पण लिक्विडच धरतात बरं का! आमची लिंबाच्या लोणच्याची बरणी निघताना कुणाला दिसली नाही आणि मधल्या विमानतळावर बरोब्बर सापडली, त्या बाईने झाकण उघडून वास घेतला, सॉरी म्हणाली आणि टाकली डब्यात. आई म्हणे, अगं टाकतेस कशाला, तू तरी खा. चिवडा, चकल्या मात्र आरामात गेल्या. आईंच्या बांगड्या निघत नसतील तर घाबरू नका, मशीन वाजलं तर लेडी ऑफिसर हाताने तपासते, दोन मिनिटांचं काम.

पण माझ्या मते तुमचं खरं टेन्शन सिक्युरिटी नाही, इमिग्रेशन आहे. बार्सिलोना आणि फ्रँकफर्ट दोन्ही शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात येतात, म्हणून एंट्री फ्रँकफर्टलाच होणार, आणि ऑक्टोबर 2025 पासून एंट्री-एक्झिट नोंदवायची नवीन सिस्टीम आल्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्यांचा फोटो वगैरे घेऊन नोंदणी करतात, म्हणजे दोन लाईनी झाल्या आणि वर ते एवढं लांबलचक एअरपोर्ट चालायचं. आईबाबांसाठी बुकिंग करतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा, त्यात लाजायचं काय, सोबतचा माणूस बरोबर गेटपर्यंत नेऊन सोडतो.

तिकीट एकाच पीएनआरवर असेल तर 1 तास 40 मिनिटं घाईचे आहेत पण चालतील, फ्लाईट चुकली तरी पुढच्या फ्लाईटला बसवायची जबाबदारी एअरलाईनची. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर मात्र बॅगा पण घेऊन परत चेक-इन करावं लागेल, तेवढ्या वेळात ते होणं नाही, आत्ताच बदलून घ्या.